फोनवरून दहावीची मराठी: समजावणं कमी, ऐकणं जास्त

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: शाळेच्या इमारतीचं छत धोकादायक ठरल्यामुळे दहावीचा वर्ग दिवाळीपर्यंत फोनवरच घ्यायचा आहे. वर्गात ४३ मुलं. निम्म्या घरांत कन्नड बोललं जातं. नऊ-दहा घरांत फोन एकच, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो. गणित-विज्ञानाचं कसंबसं भागेल, पण कुमारभारतीचं, म्हणजे मराठीच्या पुस्तकाचं, काय करू? कविता कशी शिकवू, रसग्रहण कसं लिहून घेऊ, आणि बोर्डाच्या परीक्षेत ही मुलं तीन तास बसून लिहू शकतील का?

मॅडम, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कळीचा आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. जून २०२० मध्ये शाळा बंदच राहिल्या, तेव्हा मीही सगळ्यांसारखी सुरुवात केली. रोज चाळीस मिनिटांचा ऑनलाइन तास. धडा वाचायचा, शब्दार्थ सांगायचे, स्वाध्याय सोडवून दाखवायचा. पन्नासातली पंधरा-सोळा मुलं यायची. मला वाटलं, मी नीट समजावत नाही म्हणून मुलं टिकत नाहीत. मग चित्रं लावली, कवितांना चाली लावल्या, रात्री जागून तयारी केली. दिवाळी उलटल्यावर काही मुलांच्या वह्या हातात आल्या आणि डोळे उघडले. त्या वह्यांत माझीच वाक्यं होती. मी तासाला जे बोलले होते ते उतरवून घेतलेलं. मुलाचं स्वतःचं एक वाक्य शोधायला चार-चार पानं उलटावी लागत होती.

समजावणारे पुष्कळ होते. मी होते, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य होतं, गाईड होतं. (हे क्यूआर कोड आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून सुरू झालेल्या प्रयोगाने घरोघर पोचले. त्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, याचा मला आजही अभिमान वाटतो.) हरवलं होतं ते वेगळंच. वर्गात मी बाकांमधून फिरताना वहीत डोकवायची. कुणाचं वाक्य अर्ध्यावर अडलेलं दिसलं की बोट ठेवून ‘बरं, पुढे?’ म्हणायची. मूल मान वर करायचं, थोडं थांबायचं आणि पुढचं वाक्य लिहायचं. त्या ‘पुढे?’मध्ये माझं खरं शिकवणं होतं, हे मला ते नाहीसं झाल्यावर कळलं.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचा निकाल आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लागले. त्यामुळे त्या वर्षीचं माझं चुकलेलं कुठल्याच पेपरात दिसलं नाही. ते दिसलं पुढच्या तुकडीत. मार्च २०२२ ची परीक्षा प्रत्यक्ष होणार होती. अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला होता, आणि लिहिण्याचा सराव सुटला म्हणून ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला होता. आम्ही शाळेत सराव परीक्षा घेतली. दोन तास झाले आणि मुलं पेन ठेवून बोटं चोळायला लागली. काहींची शेवटची दोन पानं कोरी. निबंधाचे आठ गुण, आणि ते उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे, हात थकला म्हणून गेलेले. त्यातली एक मुलगी रडत म्हणाली, ‘बाई, डोक्यात आहे सगळं, बोटात येईना.’

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे: फोनवर शिकवायचं तर समजावण्यातला वेळ काढा आणि तो मुलांचं ऐकण्यात आणि त्यांच्या वह्या वाचण्यात घाला. पुढे जे लिहिते आहे ते हे कसं जमवायचं याबद्दल आहे.

चाळीस मिनिटांचा थेट तास आठवड्यातून एकच ठेवा, तोही जमेल त्यांच्यासाठी. बाकी दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर सहा-सात मिनिटांचा आवाजी निरोप पाठवा. त्याला डेटा कमी लागतो, रेंज गेली तरी नंतर ऐकता येतो, आणि वडील कामावरून आल्यावर रात्री नऊलाही मुलाच्या हाती लागतो. निरोपात कविता किंवा उताऱ्याचा तुकडा दोनदा वाचायचा, सावकाश, अर्थ न सांगता. मग एकच प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर मुलाने वहीत हाताने लिहायचं आणि त्यातलं एकच वाक्य स्वतःच्या आवाजात तुम्हाला पाठवायचं. टाइप केलेलं उत्तर घेऊ नका. बोर्डाच्या परीक्षेत हातात पेन असणार आहे, कळफलक नाही. आणि टाइप केलेलं उत्तर पाच मिनिटांत बारा मुलांकडून अक्षरशः तेच येतं.

प्रश्न कसा असावा, हे एका अभंगावरून सांगते. संत नामदेवांचा ‘अंकिला मी दास तुझा’ घ्या. पंढरपूर आपल्यापासून काही फार लांब नाही, नामदेवांची पायरी पाहिलेली मुलं तुमच्या वर्गात नक्की असतील. गाईडमध्ये अर्थ असतो: जशी आई बाळासाठी धावते तसा देवा तू माझ्यासाठी धाव. बरोबरच आहे. पण एवढ्यावर दोन-दोन गुणांचे पहिले प्रश्न सुटतात, रसग्रहण सुटत नाही. मी पहिल्या निरोपात फक्त अभंग वाचला आणि सांगितलं, ‘प्रत्येक प्राणी काय करतो त्या शब्दाखाली रेघ मारा.’ मुलांनी रेघा मारल्या. बाळ आगीत पडतं तेव्हा माता ‘धांवे’. पिलं जमिनीवर पडताच पक्षिणी ‘झेपावे’. भुकेल्या वासराच्या हंबरण्यावर गाय ‘हुंबरत धांवे’. वणवा लागतो तेव्हा हरिणी पाडसासाठी ‘चिंतीत’ राहते. आणि शेवटी चातक मेघाला ‘विनवितो’.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न: ‘या पाच शब्दांत काही बदलत जातं का?’ तीन दिवस मी काही बोलले नाही. एवढं थांबणं जड गेलं, कारण बाईंनी काहीतरी सांगायलाच हवं अशी आपल्याला सवय असते. चौथ्या दिवशी एका मुलाचा निरोप आला, आवाज अगदी हळू: ‘बाई, आधी आई पळती. मग हरिणी पळत नाही, नुसती काळजी करती. आणि शेवटी आई नाहीच, चातकच मागतो.’ मला भरून आलं. पहिल्या तिघी लगेच धावतात, हरिणीला आगीमुळे जवळ जाता येत नाही म्हणून ती तळमळते, आणि अखेरच्या ओळीत नामदेव स्वतःच चातक होऊन मागायला उभे राहतात. आईच्या धावण्यापासून भक्ताच्या मागण्यापर्यंत अभंग असा सरकतो. हे त्या पोराने पाच रेघांतून पाहिलं. मी सांगितलं असतं तर ते त्याने लिहून घेतलं असतं. त्याने पाहिलं, म्हणून परीक्षेत दुसरी कविता आली तरी त्याला रेघा मारता येणार होत्या.

याच अभंगाने मला दुसरी एक गोष्ट शिकवली. वर्गातली एक मुलगी आईबरोबर विड्या वळायची. शाळा बंद, म्हणून दिवसभर घरीच. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. फोन भिंतीला टेकवून ती माझा निरोप लावायची आणि हात चालूच. आई तेलुगू बोलणारी, मराठी बाजारापुरती. अभंग दोन-तीनदा ऐकल्यावर आईने विचारलं, हे काय म्हणतायत? मुलीने तेलुगूत सांगायला घेतलं आणि ‘कनवाळू’ला अडली. ‘कनवाळू म्हणजे प्रेमळ’ असं गाईडमध्ये होतं, पण आईला नुसतं प्रेमळ सांगून ती आगीत का उडी घेईल ते कळेना. मग मुलीने सांगितलं, कनवाळू म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून जिच्याच्याने राहवत नाही ती. त्या आठवड्यात तिचं स्वमताचं, म्हणजे आपलं मत मांडायचं, उत्तर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. शब्दकोशातला अर्थ तिने घरच्या माणसाला पटेपर्यंत उकलला होता.

तेव्हापासून मी नेमच केला: दर आठवड्याला एक कविता किंवा उतारा घरातल्या एका माणसाला सांगायचा, त्यांच्या भाषेत. आजीला, शेजारच्या काकूंना, कुणालाही. मग त्यांनी काय विचारलं ते वहीत लिहायचं. तुमच्या वर्गातल्या कन्नड घरांना मी अडचण म्हणणारच नाही. ज्या मुलाला अर्थ एका भाषेतून दुसरीत न्यावा लागतो त्याला शब्द तोलून बघावेच लागतात. बाकीच्या मुलांना ती सवय मुद्दाम लावावी लागते.

हां, लेखनात एक अडचण मात्र येते, आणि ती कशामुळे येते हे कळलं तर मुलाला ओरडावंसं वाटत नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. तेव्हा खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’ आणि दरवाजा ‘तो’ का, हे त्या मुलाला कानाने कळणार नाही. तेलुगूत एकवचनात बाई आणि वस्तू यांना क्रियापदाचं रूप एकच असतं, म्हणून माझ्याकडची मुलं ‘आई आलं’ लिहायची. हे नियम पाठ करून सुटत नाही. मी त्यांना नाम एकटं लिहूच द्यायची नाही. शब्दसंपत्तीच्या वहीत नवा शब्द ‘माझा, माझी, माझं’ लावूनच लिहायचा: माझी वही, माझा डबा, माझं दप्तर. आणि उत्तर लिहून झालं की मोठ्याने वाचायचं. शाळेत ऐकलेल्या मराठीने कान तयार झालेला असतो, डोळ्याला न दिसलेली चूक कानाला खटकते.

आता रसग्रहण. चार गुणांचं, पण मुलांची सगळ्यांत जास्त भीती त्याचीच. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य हे तीन शब्द ऐकूनच ती हबकतात आणि ‘कवीने अतिशय समर्पक शब्दांत सुंदर भाव व्यक्त केला आहे’ हे वाक्य तिन्ही ठिकाणी फिरवतात. हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून परीक्षकाला त्यात काहीच सापडत नाही. मी एकच अट घातली: प्रत्येक परिच्छेदात कवितेतला निदान एक शब्द अवतरणात यायला हवा, आणि त्या शब्दाऐवजी दुसरा साधा शब्द टाकला तर काय हरवतं ते लिहायचं. पक्षिणी ‘झेपावे’ऐवजी ‘येई’ म्हटलं तर? गाय ‘हुंबरत धांवे’ऐवजी नुसतं ‘धांवे’ म्हटलं तर? मुलं लिहू लागली: ‘हुंबरत’ म्हटल्यावर गाय येताना दिसते आणि ऐकूही येते, वासराला आधीच कळतं की आई निघाली. झालं, हेच भाषिक सौंदर्य. परिभाषा नंतर चिकटवता येते.

नारायण सुर्वे यांच्या ‘दोन दिवस’ या कवितेत ‘भाकरीचा चंद्र’ आहे. सोलापुरात ही प्रतिमा शिकवावी लागत नाही, पण ती मुलाच्या ओठावर यायला लावावी लागते. शाळूची पांढरी गोल भाकरी रोज ताटात असलेलं मूल लगेच म्हणतं, चंद्रही गोल, भाकरीही गोल. बहुतेक उत्तरं तिथेच संपतात. मी विचारलं, मग नाणंही गोल असतं, ते का नाही? वडील यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका मुलाने दोन दिवसांनी कळवलं: ‘चंद्र रोज दिसतो, बाई, पण हाताला लागत नाही. आणि माझे वडील रात्रीच कामाला जातात, तेव्हाच तो असतो.’ पहिल्या वाक्यात त्या प्रतिमेचं मर्म आहे. दुसरं वाक्य परीक्षेसाठी नव्हतं, पण मी त्याला तेही उत्तरात ठेवायला सांगितलं. दारिद्र्याकडे गहाण पडलेल्या हातांवर ज्या कवीने लिहिलं, तो स्वतः गिरणी कामगाराच्या घरात वाढला होता. त्याच्या ओळीपाशी मुलाने आपल्या बापाला आणून उभं केलं, तर त्यात गुण जाण्यासारखं काही नाही. स्वमत म्हणजे दुसरं काय असतं?

नकलेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ती येणार. दोन वह्यांत एकच उत्तर दिसलं तर गटावर कधीही लिहू नका. मी त्या मुलाला एकट्याला फोन करायची आणि त्याच्याच उत्तरातलं एक वाक्य वाचून विचारायची, ‘हे तुला कसं सुचलं, सांग बरं.’ ज्याचं ते असतं तो बोलतो. ज्याचं नसतं तो गप्प होतो, आणि त्या गप्पपणातच त्याला कळून चुकतं. मग मी म्हणायची, ‘ठीक आहे, आता तुला काय वाटतं ते दोनच ओळी सांग, मी ऐकते.’ त्या दोन ओळी मोडक्यातोडक्या असल्या तरी त्याच वहीत लिहायला लावायच्या, छापील उत्तर खोडून. महिनाभरात नक्कल कमी होते, कारण नकललेल्या उत्तराचं तोंडी काही सांगता येत नाही आणि बाई तोंडीच विचारतात हे पसरतं.

वह्यांचं सांगते. फोटो पुरेसे नाहीत. काही मुलं ट्यूबच्या उजेडात, सावली पडलेला, अर्धं पान कापलेला फोटो पाठवतात आणि तुमचे डोळे दुखतात. फोटो घ्यायचाच तर सकाळी दारात, वही जमिनीवर सपाट ठेवून, वर नाव आणि तारीख लिहून. पण दर शनिवारी खरी वही हातात यायला हवी. आम्ही वस्तीतल्या एका किराणा दुकानदारांना विनंती केली. मुलं शुक्रवारी संध्याकाळी वह्या तिथे पिशवीत टाकायची, शनिवारी मी न्यायची, सोमवारी परत. त्या दुकानदारांनी दोन वर्षं एकही वही हरवू दिली नाही. तुमच्या गावात दूध डेअरी असेल, पिठाची गिरणी असेल, जिथे रोज घरातलं कुणी ना कुणी जातं अशी जागा निवडा.

४३ वह्या दर आठवड्याला अक्षरन् अक्षर तपासायच्या नाहीत. तुम्ही थकाल आणि मूल लाल शाई बघून वही मिटेल. आठवड्याला एकच गोष्ट बघायची. एका आठवड्यात फक्त हे, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वाक्यात आलं आहे का. पुढच्या आठवड्यात फक्त ‘आणि’ने जोडलेली लांबलचक वाक्यं तोडली आहेत का. त्याच्या पुढच्या आठवड्यात अवतरण आणि त्याचं स्पष्टीकरण. शुद्धलेखनाच्या चुकांतल्या दोनच निवडून समासात लिहा, तिसरी दिसली तरी सोडा. शेरा मात्र सगळ्यांना द्या, आणि ‘छान’ असा नको. ‘हरिणीबद्दलचं वाक्य मला पटलं, पण चातकाला विसरलास’ असा. मुलं तो शेरा आईला दाखवतात.

हाताची सवय ही वेगळी तयारी आहे आणि ती आजपासून सुरू व्हायला हवी. पहिल्या आठवड्यात सलग १२ मिनिटं, एकच स्वमत. घरातल्या कुणीतरी घड्याळ धरायचं. दर पंधरवड्याला सात-आठ मिनिटं वाढवत न्या. दिवाळीपर्यंत सलग पाऊण तास बसवता आलं तरी पुष्कळ. शाळा भरायला लागली की दीड तास, आणि जानेवारीत पूर्ण तीन तास, अगदी बोर्डाच्या वेळेला, सकाळी अकराला. रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाचं डोकं सकाळी अकराला पेंगतं, ही सवयही मोडावी लागते.

वेळेची वाटणी मी मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावायची. गद्य १८ गुणांचं, त्याला ४० मिनिटं. पद्य १६, त्याला ३५. स्थूलवाचन सहा गुण, १५ मिनिटं. भाषाभ्यास १६ गुण, २५ मिनिटांत व्हायलाच हवा, त्यात विचार करत बसायचं काही नाही. उपयोजित लेखन २४ गुणांचं, त्याला ५० मिनिटं राखून ठेवायची. उरतात १५, ती वाचून बघायला. बेरीज १८० होते. बहुतेक मुलं पहिल्या उताऱ्यावर पाऊण तास घालवतात, कारण तिथे आत्मविश्वास असतो, आणि मग सगळ्यांत जास्त गुणांचा विभाग घाईत उरकतात. ही एक चूक सुधारली तरी पाच-सहा गुण सहज वाढतात, असा माझा अनुभव आहे.

उपयोजित लेखन फोनवर शिकवायला सगळ्यांत सोपं, म्हणून थोडक्यात. बातमी, जाहिरात, पत्र यांचे नमुने पाठ करायला देऊ नका. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्याची बातमी प्रत्येक मुलाला लिहिता यायची: कुठे, कधी, किती वेळ, कोण काय म्हणालं. तुमच्या गावातही असंच काहीतरी असेल. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या) यात्रेतल्या दुकानाची जाहिरात लिहायला सांगा, शेंगाचटणीची सांगा. पत्राचा साचा एकदा फळ्यावर लिहून फोटो पाठवला की झालं, फक्त तो प्रत्येकाने दहा वेळा हाताने लिहायला हवा. सारांशलेखनात उताऱ्याचा एक तृतीयांश हवा असतो. त्याचा सरावही घरच्या माणसावरच करा: उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आजीला तीन वाक्यांत सांगायचं. जे आजीला सांगावंसं वाटलं तोच सारांश.

समास, वाक्प्रचार, शब्दसिद्धी हे मुलांना जोडीजोडीने फोनवर एकमेकांना विचारू द्या. त्यात तुमचा वेळ घालवू नका.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की दोन मुलं महिनाभर फोनवर आलीच नाहीत, घरच्यांनी कामाला लावली असावीत. त्यांना निरोप पाठवत बसू नका. पुढच्या शनिवारी वह्या घ्यायला जाल तेव्हा त्या दोघांच्या घरी जा. संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा वडील असतात. पोराबद्दल तक्रार करू नका. पुस्तक उघडा, अभंग वाचा, मुलाला रेघा मारायला पेन्सिल द्या, आणि आईवडिलांना तिथेच बसू द्या. माझ्याकडे अशी तीन मुलं होती. त्यांतली दोन पुढच्या आठवड्यापासून वही पाठवू लागली. तिसऱ्याकडे मी पाच वेळा गेले. पाचव्या वेळी त्याच्या वडिलांनीच दाराशी पुस्तक आणून दिलं आणि विचारलं, आज कुठला?